मेकॅनिकला आधी काय सांगाल?

श्रोतेहो, नमस्कार. वेगळ्या बांधणीची गाडी सर्व्हिसिंगला देताना तिचं वर्ष, मॉडेल, दुर्मीळपणा हे सगळं आपण कौतुकाने सांगतो आणि नेमकं सांगायचं ते राहून जातं. मेकॅनिकचा हात सवयीने जिथे जाणार आणि गाडी तिथेच वेगळी असणार, ती जागा त्याला सांगायची असते. चांगला मेकॅनिकही इथेच चुकतो, कारण एरवी त्याची सवय बरोबरच ठरत आलेली असते.

सर्वात मोठी नासाडी तेलांवरून होते. सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या जीएस, सीएक्स, बीएक्स या गाड्या घ्या. या गाड्यांत स्प्रिंगऐवजी नायट्रोजन भरलेले गोळे आणि दाबाखालचं तेल असतं, आणि ब्रेकही त्याच तेलावर लागतात. ते हिरवं, खनिज तेल, नाव एलएचएम. पातळी कमी दिसली की हात आपोआप ब्रेक ऑइलच्या डब्याकडे जातो. ते आत पडलं की रबरी सील खराब होतात आणि ब्रेक, सस्पेन्शन सगळंच उघडावं लागतं. सित्रोएनच्याच जुन्या डीएसची गोम आणखी वेगळी. सुरुवातीच्या गाड्यांत लाल तेल होतं, १९६६ च्या सुमारास हिरवं आलं, आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. म्हणून ‘तेल बघून घ्या’ असं मोघम सांगू नका. योग्य तेलाचा डबाच सोबत द्या. पातळी इंजिन चालू ठेवून, उंचीचा लीव्हर सर्वात वर करून बघायची. आणि घोड्या, म्हणजे गाडी पेलून धरणारे लोखंडी आधार, लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही, हे बजावून सांगा. दाब उतरला की ही गाडी खाली बसते आणि खालचा माणूस चिरडू शकतो.

जुन्या मिनीत इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स एकाच तेलात चालतात, तेव्हा गिअर ऑइल वेगळं घालायचं नसतं.

हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलला साधारण अडीच लिटर तेल पुरतं. नेहमीच्या मापाने चार लिटर ओतलं तर ते जास्तच होणार. तिला ऑइल फिल्टर नाही. खाली जाळी आहे, ती काढून धुवायची आणि दोन्ही गॅस्केट नवी टाकायची. जाळीच्या झाकणाचे सहा छोटे नट फक्त ७ न्यूटन-मीटरवर आवळायचे. हाताच्या अंदाजाने ताणले की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, उपटतो, आणि तो बसलेला असतो इंजिनाच्या मऊ मिश्रधातूच्या केसमध्ये. व्हॉल्व्हची फट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायची. बहुतेक इंजिनांना ०.१५ मिलिमीटर लागते, काही जुन्यांना ०.१०, आपल्या इंजिनाचं माप आधी शोधून लिहून ठेवा.

माझदा आरएक्स-८ सारखी रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारी, गाडी गॅरेजमध्ये बिघडते ती बहुधा सरकवताना. थंड इंजिन चालू करून दोन हात पुढे घेतलं आणि लगेच बंद केलं, की आत पेट्रोल साठतं, प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. तेव्हा सांगा: एक तर ढकला, नाहीतर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत चालू ठेवा. प्लग चार असतात. वरचे दोन आणि खालचे दोन वेगळ्या प्रकारचे, त्यांची अदलाबदल चालत नाही. थोडं तेल जळणं हा या इंजिनाचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं ऋण नव्हे, धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. चार्जर लावणाऱ्याला हे ठाऊक हवं. आधीच्या मालकाने जोडणी बदलली असेल तर तेही सांगा. काही जुन्या गाड्यांत डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते नेहमीच्या दिशेने फिरवले तर आणखी आवळतात. मग पान्याला पाइप लावला जातो आणि स्टड तुटतो.

हे सगळं काउंटरवर सांगून भागत नाही. गाडी घेणारा माणूस वेगळा, पाना धरणारा वेगळा. एका कागदावर तेलांची नावं आणि मापं, जॅक लावायच्या जागा, चेसिस नंबर आणि ‘हे करू नका’ असे तीन-चार मुद्दे ठळक अक्षरांत लिहा, आणि कागद स्टीअरिंगला चिकटवा. त्याखाली आपला फोन नंबर, आणि एक ओळ: नट हलत नसेल तर जोर लावण्याआधी फोन करा.