दोन बादल्या, एक ढकलगाडी
(निवेदन)

[दृश्य : पहाटेचा ओला रस्ता, ढकलगाडी]

पुण्यात सकाळचे साडेसहा वाजले आहेत. रात्रीच्या पावसाने रस्ता अजून ओला आहे आणि दोन मोठे डबे बांधलेली एक ढकलगाडी त्यावरून सावकाश पुढे जात आहे. ती ढकलणाऱ्या ताईंना आणि त्यांच्या जोडीदारणीला दुपार होण्याआधी दीड-दोनशे घरांच्या दारांपाशी पोहोचायचे आहे. शहराच्या प्रदूषणाचा एक वाटा याच दारांतून रोज बाहेर पडतो आणि तो अडवण्याची सर्वांत सोपी जागाही हेच दार आहे.

[दृश्य : दार उघडते, दोन बादल्या]

पहिल्या घरातून दोन बादल्या बाहेर येतात. एकीत भाजीची देठे, चहाचा चोथा, कांद्याची साले आणि उरलेला भात आहे, तर दुसरीत कागद, पुठ्ठा, बाटल्या आणि पिशव्या आहेत. शेजारच्या घरातून मात्र एकच गाठ मारलेली काळी पिशवी येते. ताई ती जिन्यातच सोडतात आणि हाताने दोन भाग करू लागतात. आमटीत भिजलेली रद्दी आता रद्दी म्हणून विकली जाणार नाही, आणि ज्या भातात ब्लेडचे पाते पडले आहे त्याचे खत करण्यापूर्वी कोणाच्या तरी बोटाला ते पाते लागणार आहे. स्वयंपाकघरात वेगळे ठेवायला क्षणभर पुरतो. एकदा मिसळल्यावर वेगळे करणे हे दुसऱ्या कोणाच्या तरी हातांचे काम होते.

[दृश्य : दुधाची पिशवी, जवळून]

ही दुधाची पिशवी पाहावी. कात्रीने तिचा कोपरा कापून टाकला, तर नखाएवढा तो त्रिकोणी तुकडा ओल्या कचऱ्यात जातो, खतात मिसळतो आणि मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो, कारण एवढा बारीक तुकडा वेचून काढणे कोणालाही शक्य नसते. तोच कोपरा पूर्ण न तोडता पिशवीला चिकटलेला ठेवला, पिशवी पाण्याने विसळली आणि ओट्याच्या कडेला वाळत घातली, तर ती भंगाराच्या दुकानात वजनावर विकली जाते आणि वितळवून तिचे पुन्हा प्लास्टिकचे दाणे तयार होतात.

[दृश्य : पत्र्याची शेड, वर्गीकरण करणाऱ्या स्त्रिया]

दहा वाजता गाडी शेडमध्ये येते. येथे हात थांबत नाहीत. पुठ्ठा एका बाजूला, रद्दी दुसऱ्या बाजूला, काच वेगळी, पत्रा वेगळा. पाण्याच्या बाटल्या एका पोत्यात आणि त्यांची झाकणे दुसऱ्या पोत्यात, कारण बाटलीचे प्लास्टिक एका जातीचे आणि झाकणाचे दुसऱ्या जातीचे असते. एक मावशी पिशवी बोटांत चुरगाळतात, तिचा आवाज ऐकतात आणि न बघताच ती योग्य ढिगात टाकतात. हे कौशल्य आहे आणि त्याला कौशल्यच म्हटले पाहिजे. आतून चांदीसारखी चकाकणारी वेफर्सची पाकिटे मात्र एका कोपऱ्यात साचत जातात, कारण प्लास्टिक आणि धातूचे एकमेकांना चिकटवलेले पातळ थर सुटे करता येत नाहीत आणि भंगारवाला ती सहसा घेत नाही. कोणती वस्तू विकत घ्यावी आणि कोणती टाळावी, हे या कोपऱ्याकडे पाहून कळते.

[दृश्य : जुनी छायाचित्रे, ओळखपत्रे]

या स्त्रियांपैकी अनेकींची कुटुंबे 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून व इतर भागांतून पुण्यात आली. बहुसंख्य कुटुंबे दलित समाजातील होती. हातात जमीन नव्हती आणि शहरात काम मिळेना, तेव्हा रस्त्यावरच्या कचराकुंडीतून विकण्याजोगे वेचून त्यांनी घर चालवले. कुंडीत उतरणाऱ्या बाईकडे लोक चोर म्हणून पाहत, पोलीस हटकत, कुत्री मागे लागत. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर कुंड्यांपर्यंत गेल्या, आणि तेथे त्यांच्या लक्षात आले की नागरिकांनी घरीच कचरा वेगळा करून दिला, तर या बायकांना कुंडीत उतरावेच लागणार नाही. हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या साथीने 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. नावातच धंद्याचा सगळा माल आला आहे. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली, आणि गळ्यात ओळखपत्र असलेल्या बाईला सोसायटीच्या फाटकातून आत जाता येऊ लागले.

घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचा प्रयोग 2005 च्या सुमारास सुरू झाला. त्यातून वेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि 2008 मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. आज तिचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत. त्यांना महापालिकेकडून पगार मिळत नाही. घराघरांतून महिन्याला मिळणारे सेवाशुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, एवढीच त्यांची मिळकत असते. म्हणून एखादे घर शुल्क चुकवते किंवा सोसायटी कचऱ्याचे काम परस्पर दुसऱ्या ठेकेदाराला देते, तेव्हा त्याचा भार थेट एका चुलीवर पडतो.

[दृश्य : वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके, त्यावर लाल ठिपका]

घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी कचरा घरीच वेगळा करणे प्रत्येकाला बंधनकारक केले. वापरलेली सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन वेचकांनीच नागरिकांना केले. ठिपका पाहून पुडके न उघडता बाजूला ठेवता येते. फुटलेली काचही अशीच जाड कागदात बांधून सांगून द्यावी.

हे सगळे न झाल्यास काय होते, हे शहराचा कचरा जेथे नेऊन टाकला गेला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी अनेक वर्षे भोगले आहे. ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, काळे पाणी जमिनीत मुरते, आणि विहिरी खराब झाल्यावर ग्रामस्थांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या पुन्हा पुन्हा अडवल्या.

[दृश्य : सोसायटीच्या मागच्या बाजूचे खताचे हौद]

तोच ओला कचरा सोसायटीच्या आवारात राहिला, तर त्याचे काय होते, ते या विटांच्या हौदात दिसते. तळाशी वाळलेला पालापाचोळा, त्यावर ओल्या कचऱ्याचा पातळ थर, पुन्हा पाचोळा, असे एकावर एक थर दिले जातात आणि मधूनमधून आंबट ताक शिंपडले जाते. विटांमध्ये ठेवलेल्या फटींतून हवा खेळते. दुर्गंधी येऊ लागली, तर पाणी जास्त झाले आहे आणि हवा कमी पडते आहे असे समजावे, कोरडा पाचोळा वाढवावा आणि ढीग खालीवर करावा. त्यात अळ्या दिसल्या, तर घाबरून काम बंद करू नये, कारण त्याही कचरा खाऊन टाकतात. मूठभर खत हातात घेतल्यावर पहिल्या पावसानंतर येतो तसा वास येऊ लागला, की ते झाडांना घालायला तयार झाले. अशी व्यवस्था करणाऱ्या मिळकतींना पुणे महानगरपालिका मालमत्ता करात सवलत देते, तरीही सभेत हा विषय निघाला की सर्वांत आधी वासाची तक्रार होते. ती तक्रार करणाऱ्यांनी एकदा या हौदाजवळ येऊन उभे राहावे.

[दृश्य : विसर्जन घाट, संध्याकाळ]

अनंत चतुर्दशीला याच वेचक स्त्रिया मुठा नदीच्या घाटावर उभ्या असतात. हार, दूर्वा, पत्री आणि फुले पाण्यात जाण्याआधी त्यांच्या हाती द्यावीत, अशी विनंती त्या आणि त्यांच्यासोबतचे स्वयंसेवक प्रत्येक कुटुंबाला करतात. नदीत पडलेले निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरते, आणि त्याच्यासोबत प्लास्टिकच्या पिशव्याही वाहत जातात. काही जण नाराज होतात. देवाचे निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत कसे द्यायचे, असे विचारतात. मावशी शांतपणे सांगतात की याचे खत होते आणि ते पुन्हा फुलझाडांनाच घातले जाते.

एक आजोबा नातीला पुढे करतात. तिच्या हातातला शेवंतीचा हार मावशी घेतात, त्यातला चकाकता प्लास्टिकचा दोरा ओढून वेगळा काढतात आणि फुले क्रेटमध्ये सोडतात. नात त्या दोऱ्याकडे पाहत राहते. मागे रांग वाढली आहे, आणि मावशींचा हात पुढच्या ताटाकडे गेलेला आहे.