अर्धो किलो खंय गेलो? : डॉकटेस्टकडून युनिटटेस्टकडे

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात कुडाळ-कणकवलीहून आलात, बरं वाटलं. सरळ मुद्द्यावरच येतो.

मालवणात एका मच्छीमार सोसायटीसाठी आम्ही लिलावाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर केलंय, पायथन भाषेत आणि तिच्या जँगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये. होडी कुठली, मासा कुठला, किती किलो, काय भाव, बस एवढंच. कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट सगळ्या डॉकटेस्ट होत्या. म्हणजे फंक्शनच्या वर्णनातच, ज्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात, >>> असे तीन बाण काढून कोड लिहायचा आणि खालच्या ओळीत काय छापलं जायला हवं ते लिहायचं. वाचायला एकदम छान, नवीन मुलाला दाखवलं की लगेच कळतं. युनिटटेस्टमध्ये टेस्ट वेगळ्या क्लासमध्ये लिहितात आणि छापील मजकूर नाही तर किंमत ताडतात. डॉकटेस्ट आणि युनिटटेस्ट दोन्ही 2001 मध्ये पायथन 2.1 बरोबरच आले, त्यामुळे एक जुनं एक नवं असं काही नाही, कामं वेगळी आहेत दोघांची.

आता एक दिवस एक काकी पावती घेऊन आल्या. सुरमई साडेबारा किलो भरलेली, पावतीवर 12. "माझो अर्धो किलो खंय गेलो?" आम्ही टेस्ट चालवल्या, सगळ्या पास! अर्धा किलो सुरमई म्हणजे काय पैसे होतात ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्या बाईंनी पहाटेपासून किनाऱ्यावर उभं राहून तो माल घेतलेला.

झालं असं होतं बघा. वजनाचा कॉलम कुणीतरी इंटिजर, म्हणजे पूर्णांकाचा, ठेवलेला. आम्ही व्हॅलिडेशन, म्हणजे आकडा योग्य आहे का याची तपासणी, न करता सरळ सेव्ह करायचो, आणि जँगोचं इंटिजर फील्ड डेटाबेसला देताना आकडा पूर्णांक करून टाकतं, 12.5 चे 12, कसलीही एरर नाही. पण हातातलं जे ऑब्जेक्ट आहे ना, त्यात 12.5 तसंच राहतं. आमची डॉकटेस्ट काय करायची, नोंद बनव, सेव्ह कर, आणि त्याच नोंदीचं वजन छाप. छापलं 12.5, पास. डेटाबेसला कुणी विचारलंच नाही!

म्हणून मी म्हणतो की टेस्ट बदलायच्या म्हणजे बाण हटवून तिथे असर्ट-इक्वल, म्हणजे युनिटटेस्टची 'दोन्ही सारखे आहेत ना' ही तपासणी, चिकटवायची असं नाही. तसं केलं असतं तरी काकींचा अर्धा किलो गेलाच असता. प्रत्येक ओळीला विचारायचं, तू नक्की काय सिद्ध करतेस? सेव्ह झालं हे सिद्ध करायचं तर नोंद डेटाबेसातून परत वाचायला पाहिजे, नव्याने गेट करून आणा नाहीतर हातातलीच नोंद रिफ्रेश-फ्रॉम-डीबीने ताजी करा, आणि मगच ताडून बघा.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, लिलाव नाही, सोसायटीत शांतता. त्या दोन महिन्यांत आम्ही डॉकटेस्टच्या युनिटटेस्ट करायचं हे काम काढलं.

सगळ्यात जास्त त्रास कशाने दिला सांगू, एका टेस्टच्या डेटावर दुसरी टेस्ट उभी होती. डॉकटेस्टमध्ये प्रत्येक डॉकस्ट्रिंगला व्हेरिएबल नवे मिळतात, पण डेटाबेस तोच राहतो, आधीच्या टेस्टने टाकलेली होडी पुढच्या टेस्टला सापडते. आणि या टेस्ट चालतात नावांच्या अक्षरक्रमाने, त्यामुळे आमच्या एकाने फंक्शनचं नुसतं नाव बदललं तर भलत्याच टेस्ट पडल्या, अख्खी दुपार गेली शोधण्यात. शिवाय एका डॉकस्ट्रिंगमध्ये पहिली ओळ चुकली की तिच्यावर अवलंबून खालच्या सगळ्या चुकतात, मग खरी चूक कुठली तेच दिसत नाही. युनिटटेस्टवरच उभ्या असलेल्या जँगोच्या टेस्टकेस क्लासमध्ये प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसातल्या बदलांच्या एका गठ्ठ्यात, चालते आणि संपली की रोलबॅक, सगळे बदल मागे. प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या सेटअपमध्ये होडी बनवा, मासा बनवा, प्रत्येक टेस्टला कोरी पाटी. फक्त आयडी 1 असेल असं धरून चालू नका, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रोलबॅक झाला तरी आयडी देणाऱ्या सीक्वेन्सचा आकडा मागे येत नाही.

छापील मजकूर ताडणं हाही वैतागच. नोंदीच्या नावात होडीचा नंबर दिसू दे म्हटलं की वजनाच्या टेस्ट पडल्या, वजनाचा काही संबंध नसताना. आता वजनाची टेस्ट वजनच बघते.

अजून एक, यात सगळे अडकतात. एकच होडी दोनदा नोंदवली तर इंटिग्रिटी एरर, म्हणजे डेटाबेसचा नियम मोडल्याची एरर, यायला हवी, ती येते ना ते असर्ट-रेझेसने तपासायचं. पण एरर आली की ते ट्रान्झॅक्शन मोडतं आणि त्याच टेस्टमधली पुढची क्वेरी चालत नाही. म्हणून चुकीचा सेव्ह तेवढा आतल्या ॲटॉमिक ब्लॉकमध्ये ठेवा, म्हणजे एरर आली तर तेवढाच भाग मागे जातो, मग नंतर होड्या मोजता येतात, एकच आहे ना ते बघता येतं.

सगळ्या डॉकटेस्ट मात्र काढल्या नाहीत हां. किलो गुणिले भाव, त्यातून कमिशन वजा, असलं डेटाबेसला हात न लावणारं फंक्शन आहे, त्याची तीन ओळींची डॉकटेस्ट अजून तिथेच आहे. जँगो 1.6 पासून डॉकटेस्ट आपोआप सापडत नाहीत, त्यामुळे टेस्ट गोळा करताना चालणारं लोड-टेस्ट्स फंक्शन लिहून ती जोडून घेतलीय. आणि वजनाचा कॉलम आता डेसिमल, म्हणजे दशांश ठेवणारा, आहे, साडेबारा किलोची पहिली टेस्ट काकींच्याच पावतीवरून लिहिलीय.