फुग्यात मावेल तेवढंच

हे टेबलवर माझ्या कॉमिकचं पान पडलंय ना, त्यात सहा चौकटी आहेत. वाचणारा ते किती वेळात उलटेल? पंधरा-वीस सेकंदात. पीएमपीच्या बसमधे उभा असेल तर त्याहून लवकर. मला त्याच पानाला दोन दिवस जातात, आणि घरचे विचारतात, एवढंच झालं का?

पेन्सिलचं काम मजेचं असतं. वाट लागते ती फुग्यांत. फुगा म्हणजे पात्रं ज्यात बोलतात तो. इंग्रजी कॉमिक्समधे बहुतेक सगळं कॅपिटल अक्षरांत, ओळीखाली ओळ चिकटून बसते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, मग ओळींत अंतर वाढवा, अंतर वाढलं की फुगा फुगतो, फुगा फुगला की मागचं पात्र झाकलं जातं, आणि ज्या चेहऱ्यावर आख्खी सकाळ घालवली नेमका तोच गायब. म्हणून मी आता अक्षरं आधी बसवते, चित्र उरलेल्या जागेत. या चौकटीत आधी होतं, "अरे पण तू तर म्हणाला होतास की आपण शनिवारवाड्यापाशी भेटू." आता फक्त "शनिवारवाडा ठरलेलं ना?" एवढंच. भांडण जास्त चांगलं झालं उलट.

हास्यचित्रकार शि. द. फडणीसांनी तर ही कटकटच ठेवली नाही. 1952 च्या 'मोहिनी' मासिकाचं त्यांचं मुखपृष्ठ बघा, मुलीच्या साडीवर उंदीर, शेजारच्या मुलाच्या शर्टावर मांजरं, बास. एक शब्द नाही. फडणीस सर 2025 मधे शंभर वर्षांचे झाले, आणि ते चित्र आजच्या पोरांना दाखवलं तरी लगेच हसतात, समजावून सांगावं लागत नाही. मला ते जमत नाही, माझी पात्रं फार बडबडी आहेत, पुण्याची आहेत त्याला काय करणार.

आणि 'चिंटू'! 1991 मधे 'सकाळ'मधे सुरू झालेली चित्रपट्टी, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची. लोक म्हणतात किती साधं. रोज काढून बघा म्हणावं. रोज एक गंमत, तीही आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळणारी, आणि पेपर काही तुमच्या मूडसाठी थांबत नाही.

एक गोष्ट बऱ्याच पुणेकरांनाही माहीत नसते. नागराज हा सुपरहिरो, 1986 चा, राज कॉमिक्सचा, दिल्लीचं प्रकाशन, भाषा हिंदी, आणि त्याला सुरुवातीची बरीच वर्षं रूप दिलं ते आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी, ज्यांनी अमर चित्र कथाही काढल्या. त्या जुन्या अंकांवर त्यांच्या नावासोबत चंदू असंही नाव दिसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकाने आखायचं, दुसऱ्याने काढायचं, कॉमिक्स हे मुळात चारचौघांचं काम आहे. आम्हीच मधे कुठेतरी लेखक, चित्रकार, शाई फिरवणारी, रंगवणारी, पोस्टमन, सगळं एकटीच व्हायला लागलो, आणि वर रात्री दोन वाजता लाइक मोजत बसायचं.

लाइकचं सांगते. "भारी!", "कडक!", आगीच्या इमोजी, छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याने पान सुधारत नाही. पान सुधारतं ते कोणीतरी चहा पिता पिता बोट ठेवून "हा डावा हात उजव्या खांद्याला लावलायस" म्हणतं तेव्हा. पुण्यात अशी माणसं आहेत, रविवारी सकाळी पेठांमधल्या वाड्यांसमोर स्टूल टाकून स्केच करत बसलेली दिसतील, कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मेळाव्यात टेबलांमागे दिसतील, जिथे कॉमिक घेऊन गेलेल्यांची स्टिकरं आणि कीचेनच जास्त खपतात. चिडचिड होते, पण टेबलाचं भाडं त्यातूनच निघतं.

आणि अजून एक काम ही मंडळी करतात, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. रेट सांगतात. पानाला किती घेतलेस, ॲडव्हान्स किती, बदल किती वेळा फुकट करून दिलेस. आपल्याकडे पगार विचारायचा नसतो ना, तसंच हे दाबून ठेवतात लोक, आणि मग कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला पोरगा "एक्स्पोजर मिळेल" या एका वाक्यावर आख्खं पुस्तक काढून देतो. माझं स्पष्ट मत आहे, जो ज्युनियरला खरा रेट सांगत नाही त्याने कम्युनिटी वगैरे शब्द वापरू नयेत.

सध्या आम्ही काही जण मिळून एक छोटं कॉमिक छापतोय. सोळा पानं, कारण मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात, सतरावं कितीही आवडलं तरी बाहेर. खर्च समान वाटून, अक्षरं सगळ्यांची एकीच्याच हातची, म्हणजे उकार-वेलांटीची मारामारी एकदाच निस्तरायची. अप्पा बळवंत चौकातून कागदाचे नमुने आणलेत, दोघांना पिवळसर हवाय, बाकीच्यांना पांढरा, आणि शेवटचं पान कोणाचं यावर अजून वाद चालूच आहे.