तळ्याखालचं शेत

[दृश्य: जलाशय, सकाळचं धुकं]

दक्षिण कोरियातल्या जिंजूजवळचा हा जिन्यांग तलाव. नाम नदीवरच्या धरणाची उंची वाढणार, म्हणजे देप्योंग या कांस्ययुगीन वस्तीचा काठ बुडणार, हे ठरलेलंच होतं. म्हणून १९९० च्या दशकात, पाणी चढायच्या आत, जमेल तेवढं खणून घेतलं.

[दृश्य: उत्खननाचं वरून चित्रण]

हे पट्टे नीट पाहा. सरी-वरंबे आहेत, अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. पुराचा गाळ वर बसला म्हणून आकार टिकला. पीक वरंब्यावर, जादा पाणी सरीतून बाहेर. पाणी तुंबलं की मुळं कुजतात, हे तेव्हाही ठाऊक होतं. खणणाऱ्याची परीक्षा इथेच असते. गाळ आणि शेताची माती यांच्या रंगातला फरक ओळखायला चुकलात, की थापी वरंब्यातून आरपार जाते. माती पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगतात. राळा, भात, गहू, सोयाबीन, सगळं इथे मिळालं.

आणि हा अर्धचंद्राच्या आकाराचा दगड. याला दोन भोकं आहेत. त्यांतून दोरी ओवायची, ती बोटांत अडकवायची आणि एकेक कणीस खुडायचं. याला विळा म्हणू नये. विळ्याने ताटं कापतात, याने फक्त कणसं.

[दृश्य: घरांचे खड्डे]

आधीची घरं लांबट, आत दोन-तीन चुली, म्हणजे मोठं खटलं. इ.स.पू. ८५० नंतर घरं लहान झाली, कुठे गोल, कुठे चौकोनी. मधोमध लंबगोल खड्डा आणि त्याच्या दोन टोकांना खांबांची भोकं. तो खड्डा कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून जुळलेलं नाही. हाच साचा वायव्येला गुम नदीच्या खोऱ्यात, सोंगगुंगनी या तशाच जुन्या वस्तीत आहे, आणि समुद्रापलीकडे जपानच्या उत्तर क्युशूतही.

[दृश्य: मणी, अगदी जवळून]

ओकबांग या वाडीच्या नावाचाच अर्थ 'जेडची खोली'. इथे हिरव्या दगडाचे मणी घडवत. दगड खाचून तोडायचा, वाळूच्या दगडावर घासायचा, मग भोक पाडायचं. नळीसारखा मणी दोन्ही बाजूंनी पोखरतात. दोन भोकं मध्ये जुळली नाहीत, की मेहनत वाया. अर्धवट आणि फुटके मणी सापडले, म्हणूनच तर कारागिरी इथलीच, हे कळलं. १९७४ साली सोंगगुंगनीच्या एका दगडी थडग्यात कांस्याची कट्यार निघाली, तिच्यासोबतही हिरवे मणीच होते. कट्यारीच्या घडणीचं नातं थेट ईशान्य चीनमधल्या ल्याओनिंगशी. कौतुक कट्यारीचं होतं, पण खोऱ्याखोऱ्यांतल्या माणसांचा एकमेकांशी संबंध होता, हे मणी आणि घरं जास्त नीट सांगतात.

देप्योंगभोवती खंदक आले, लाकडी कुंपण आलं. इ.स.पू. ५५० च्या सुमारास वस्ती ओसरली.

[दृश्य: तलावाकाठची गवती छपरं]

ही घरं नव्याने उभारलेली, जिंजूच्या कांस्ययुग संग्रहालयातली. संग्रहालय २००९ साली उघडलं. मूळ वस्ती समोरच्या पाण्याखाली.