बाळ रडलं होतं, मग?

श्रोतेहो, नमस्कार. नवजात बाळाच्या मेंदूला इजा झाली असं कळलं की कारण आधीच तयार असतं. डॉक्टर म्हणतात, जन्मताना ऑक्सिजन कमी पडला. नातेवाईक म्हणतात, सिझरला उशीर केला. आणि घरातली मोठी माणसं आईला विचारतात, ग्रहणात विळीला हात लावला होतास का? ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही, तो विषय इथेच सोडू. बाकीची दोन कारणं कधी खरी असतात, कधी नसतात.

वाद जुना आहे. १८६१ साली लंडनच्या विल्यम लिटल या शल्यविशारदाने अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठरलेले हातपाय यांचा संबंध जोडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने, हो तोच, तेव्हा तो मज्जातंतूंचे आजार बघायचा, उलट शंका काढली. बाळंतपण अडलं म्हणून मेंदू दुखावला, की पोटातच काही बिघडलं होतं म्हणून बाळंतपण अडलं? त्या वेळी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या संशोधनात मात्र दिसलं, की सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाली बिघडणं, असलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्मवेळचं गुदमरणं हे कारण नसतंच.

खरोखर गुदमरलेलं बाळ खुणा ठेवतं. अपगार, म्हणजे जन्मल्यावर बाळाची अवस्था बघून दहापैकी दिलेले गुण, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पाचाच्या खाली राहतात. नाळेच्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, सातच्या खाली जातो. बाळ पहिल्याच दिवशी सुस्त पडतं, बहुधा झटके येतात, मूत्रपिंड आणि यकृतही कुरकुरतात. यातलं काहीच नसेल, तर केसपेपरवर 'बर्थ अ‍ॅस्फिक्सिया' म्हणजे जन्मताना गुदमरणं, असं लिहून मोकळं होणं हा आमच्या व्यवसायातला आळस आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली एक आजी नातवाची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आली होती. मूल तीन वर्षांचं. हातपाय आपोआप पिळवटायचे, ऐकू कमी यायचं, डोळे वर करता यायचे नाहीत. वरच्या कार्डावर तेच दोन शब्द. आत मात्र नर्सच्या अक्षरात नोंद होती: पहिल्या मिनिटाला आठ, पाचव्याला नऊ, 'बाळ जोरात रडले'. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या दिवशी तळपायापर्यंत पिवळं झालं, दूध ओढेना, रडणं चिरकं, मान मागे ताणलेली. आजीने कोणाच्या तरी सांगण्यावरून खिडकीशी धरलं. आषाढात सत्तरीत ऊन कुठून आणायचं? आणि असतं तरी वाढलेल्या काविळीला ते पुरत नाही, निळ्या दिव्याखालीच ठेवावं लागतं.

काविळीतलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, फार वाढलं की मेंदूच्या ठरावीक भागांत शिरतं, आणि त्या मुलाची लक्षणं नेमकी त्या भागांची होती. रक्त तपासलं तेव्हा तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता निघाली. मी बाळाच्या कपड्यांबद्दल विचारलं. मोठ्या भावाची झबली ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली होती, पावसात कसर लागू नये म्हणून. अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात. त्या घरात तेच घडलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तीन वर्षं सून आणि प्रसूतीचे डॉक्टर यांच्यावर आळ होता, आणि त्या पाचव्या दिवसाबद्दल कोणी विचारलंही नव्हतं.

जन्मानंतर मेंदू दुखावण्याच्या वाटा आणखीही आहेत. साखर उतरणं, मेंदूज्वर, व्हिटॅमिन के न मिळाल्याने डोक्यात रक्तस्राव, जन्मजात चयापचयाचे आजार. साखर टाचेच्या एका थेंबात कळते, म्हणून झटका आलेल्या बाळाची साखर तिथल्या तिथे बघायलाच हवी. एमआरआय पहिल्या आठवड्यात झाला तर फार बोलका असतो. काविळीची खूण एका जागी, साखरेची बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूला, गुदमरल्याची तिसरीकडे. आणि बाळामागून पडणारी वार! ती तपासायला पाठवली तर पोटातला जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या दिसतात. आपल्याकडे ती टाकून दिली जाते.

कारण कळल्याने इजा भरून येत नाही, हे आईबापांना मी आधीच सांगतो. पण पुढच्या बाळासाठी काय करायचं, ते त्यावरच ठरतं. जी-सिक्स-पीडीची कमतरता पुढच्या मुलालाही असू शकते, चयापचयाचा आजारही. मग त्या बाळाची कावीळ घरी नेण्याआधी मोजायची, आणि कपडे गोळ्यांविना ठेवायचे.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी कागद मागावेत. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि डॉक्टरांनी त्या तीन वर्षं जपायच्या असतात, त्यामुळे रेंगाळू नका. भांडत जाऊ नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. नर्सची नोंदपानं, कळांच्या वेळचा ठोक्यांचा आलेख, पहिल्या आठवड्याचे रक्ताचे रिपोर्ट, आणि एमआरआयची सीडी, नुसता टाईप केलेला कागद नव्हे. ते सगळं घेऊन मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. नमस्कार.