धामापूरचं तळं आणि काठावरचे आपण

नमस्कार मंडळी. समोर निम्मे लोक होमस्टेवाले दिसतायत, म्हणून मी थेट तुमच्याशीच बोलतो, कारण पाहुण्याला तळ्यावर घेऊन येणारे तुम्ही आणि तिथे कसं वागायचं हे त्याला सांगणारेही तुम्हीच.

मालवणहून चौक्यावरून कुडाळकडे निघालात की वाटेत धामापूर लागतं. पाहुणा गाडीतून उतरतो, पाणी बघतो, म्हणतो वा काय नॅचरल लेक आहे! तिथेच त्याला थांबवा आणि सांगा की हे तळं माणसांनी केलंय. १५३० साली विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांच्या मधे मातीचा बांध घालून पाणी अडवलं. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ ची, म्हणजे तळं किल्ल्यापेक्षा १३४ वर्षांनी मोठं. पण किल्ला बघायला अख्खा महाराष्ट्र येतो आणि बांधावरून चालताना पायाखाली काय आहे हे कोणाला माहीतच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता बांध कशाला हवा होता? आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो पण सगळा चार महिन्यांत, आणि खाली जांभा, सच्छिद्र दगड, त्यातून पाणी झिरपतं, उरलेलं व्हाळातून खाडीला जातं, आणि मार्च-एप्रिलला विहिरीचा तळ दिसायला लागतो. जवळ कर्ली नदी आहे पण खालच्या अंगाला भरतीचं खारं पाणी, ते ना शेतीला ना प्यायला. म्हणून पाणी वरच्या वर अडवायचं, थोडं पाटाने भाताला आणि माडा-पोफळीला द्यायचं, बाकीचं सावकाश जमिनीत मुरू द्यायचं. मालवण शहराच्या नळालाही इथलंच पाणी. जवळजवळ पाचशे वर्षं हे चालू आहे! २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला, तो नुसत्या जुनेपणाला नाही, तळं अजून कामात आहे म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप.

काठावर भगवतीचं देऊळ. गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, लग्नाला दागिने नसले की परडीत फुलं घालून पाण्यात सोडायची, देवी दागिने द्यायची, कार्य झालं की परत करायचे. मग कोणीतरी परत केलेच नाहीत आणि देणं बंद झालं. आमची आजी एवढंच म्हणायची, "घेतलला ता परत करूक होया." लहानपणी मला ही दागिन्यांची गोष्ट वाटायची, आता पाण्याची वाटते.

बरं, पक्ष्यांकडे येतो, नाहीतर वेळ संपेल. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी पायऱ्यांवर बसलो होतो, समोर कमळाच्या पानांवरून एक कमळपक्षी चालत होता, बोटं इतकी लांब की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. बघतो तर त्याच्या दोन्ही पंखांखालून बारीक बारीक पाय लोंबतायत! मला आधी कळेचना. पिल्लं होती. वरून घार गेली तशी त्याने पिल्लं बगलेत उचलली होती, आणि हा बाबा बरं का, आई नव्हे, यांच्यात अंडी उबवायची आणि पोरं सांभाळायची ती नराने. दहा-बारा मिनिटं मी हललो नाही. तेवढ्यात मागे एका गाडीतून मोठा स्पीकर सुरू झाला आणि तो पानांच्या आड गेला तो गेलाच.

काठावरची जुनी झाडं पण जपायला हवीत, वड-उंबर तर आधी. धनेश, म्हणजे आपला ककणेर, फळं खायला तिथे येतो, आणि विणीच्या वेळी त्याची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून त्या फटीतून भरवत राहतो. ढोली असलेलं झाड व्ह्यूसाठी तोडलं तर पुढच्या वर्षी त्या जोडीने जायचं कुठे?

कायद्याचं एक सांगतो कारण ते फारसं कोणी सांगत नाही. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या २०१७ च्या नियमांत, सरकारने अधिसूचित म्हणजे रीतसर जाहीर केलेल्या जागेच्या पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेली तळी वगळलीत. म्हणजे पूर्वजांनी शेतीसाठी बांधलं हेच आज संरक्षणाच्या आड येऊ शकतं, आणि इतक्या जुन्या, इतक्या जिवंत तळ्याला ही व्याख्या लावणं मला अजिबात पटत नाही. ग्रामसभेत हा विषय आपणच काढायला हवा, काठावर काँक्रीट पडायच्या आधी.

मौजमजा नको असं मी म्हणत नाही. होडीत बसा, वल्ह्याच्या, इंजिनाच्या नको. पोहायला मात्र पाहुण्याला सोडू नका, पायऱ्या संपल्या की खोली एकदम वाढते आणि शहरातल्या पोरांना अंदाज येत नाही. साबण, शाम्पू पाण्यात नाही, कारण तेच पाणी पुढे कोणाच्या तरी हंड्यात जातं.

उद्या सकाळी साडेसहाला देवळाच्या पायऱ्यांवर भेटू, माझ्याकडे दोन दुर्बिणी आहेत, तुमच्याकडे असेल तर घेऊन या, आणि गाड्या जरा लांबच लावा.