टेंभुर्णीचा चुलतभाऊ

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या आईनं निपाणीत चाळीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवून मऊ केलेली पानं आणि हातात कात्री. पान टेंभुर्णीचं, एवढं तिला ठाऊक. झाड मात्र तिनं कधी बघितलं नव्हतं. पानं यायची दूरच्या जंगलांतून, पोत्यांत भरून. मीही बघितलं नव्हतं. आणि मी शाळेत विज्ञान शिकवते बरं का! त्या झाडाचं गणगोत मला भेटलं ते थेट मॉरिशसला.

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर हे गाव. तिथून जवळच समुद्रात इल-ओ-झेग्रेत, म्हणजे बगळ्यांचं बेट. जेमतेम 26 हेक्टर, आपल्या हिशेबानं 64 एकर. तिथं गाईडबरोबरच फिरायचं, पायवाट सोडायची नाही, पान तोडायचं नाही. सुरुवातीला हे जरा जाचकच वाटलं. मग गाईड एका खुरट्या, काळपट झाडापाशी थांबला आणि पुढची वीस मिनिटं हललाच नाही.

ते आबनूस. शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस. हे नाव ऐकलं आणि मी चमकले. आपल्या टेंभुर्णीचंही पहिलं नाव तेच. चुलत घराणं म्हणा ना! या झाडाचा गाभा काळाकुट्ट, आणि तो काळा गाभाच त्याच्या मुळावर आला. डच लोक 1638 मध्ये मॉरिशसला वस्तीला आले आणि आबनूस तोडून जहाजांत भरू लागले. 1710 मध्ये ते निघून गेले, पण जाण्याआधी ऊस लावून गेले होते. पुढं फ्रेंच आले, इंग्रज आले, जंगल हटत गेलं, ऊस पसरत गेला. चिकोडी-संकेश्वरकडच्या माणसाला ते रान अगदी घरचं वाटेल. त्या उसात राबायला 1834 पासून भारतातून मजूर नेले, त्यांत मराठी माणसंही होती. आज मूळचं चांगलं जंगल शंभरात दोन वाटेसुद्धा उरलेलं नाही.

बेटावरचं आबनूसही सरपणासाठी तुटलं होतं. उरलेलं वाचवायला माणसं हातानं तण उपटतात, रोपं लावतात. पण जुन्या झाडांची फळं बुंध्याशीच पडून राहत. ती खाऊन बी लांब नेणारी कासवं केव्हाच नामशेष झालेली. मग दुसऱ्या बेटावरची, अल्दाब्राची राक्षसी कासवं आणून सोडली. ती फळं खातात, रमतगमत फिरतात आणि शेणखतासकट बी पेरून जातात. एक कासव वाटेतच आडवं बसलेलं. आम्ही सगळे मुकाट वळसा घालून गेलो.

गाईडला मी सांगितलं, की या झाडाच्या नातलगाची पानं आमच्या गावात बिडीला लागतात. तो म्हणाला, "आणि झाड?" मी म्हटलं, "झाड राहतं. पानं खुडतात, पुन्हा फुटवा येतो." तो बराच वेळ त्या आबनुसाकडं बघत राहिला.

घरी आल्यावर आईला मोबाईलवर त्या पानाचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, उलटसुलट करून बघितला.

"लई जाड दिसतंय ग," आई म्हणाली. "वळताना मोडंल. ह्याची बिडी व्हायची न्हाई."